नोंदवहीतील मूत्रपिंड : वऱ्हाडातील मृत्युनोंदणी आणि मूत्रपिंडविकारांचे वर्गीकरण – एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : वाशीम परिसर)

बीजसंज्ञा : मृत्युनोंदणी, मूलभूत कारण, रोगवर्गीकरण, मूत्रपिंडविकार, वऱ्हाड, वाशीम

प्रस्तावना

विदर्भात जातपडताळणीच्या निमित्ताने ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’ हा शब्द घराघरांत पोहोचलेला आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुष्कळदा गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींतच सापडतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा गाव नमुना नंबर १४ ची जीर्ण पाने आणि त्यांवरील मोडी अक्षरे पुन्हा एकदा उजेडात आली. शोध घेणाऱ्याचे बोट या पानांवर जातीच्या रकान्यापाशी थांबते. मृत्यूच्या कारणाकडे सहसा कोणी पाहत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्या कारणाकडेच पाहावयास हवे. माणूस कशाने मेला हे कोणी सांगितले, कोणी लिहिले आणि कोणत्या शब्दांत लिहिले, यावर त्या प्रदेशाच्या आरोग्याचे चित्र अवलंबून असते. देवी, पटकी, ताप, हगवण हे शब्द शतकभर या नोंदींत पुनःपुन्हा येत राहिले. मूत्रपिंड हा शब्द त्यांत येत नाही. याचा अर्थ त्या काळी वऱ्हाडात मूत्रपिंडाचे विकार नव्हते असा नव्हे. मुतखडा हा शब्द तर बोलीत जुनाच आहे. माधवनिदानात अश्मरी, मूत्राघात, प्रमेह यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. रोग होता, त्याला शब्दही होता. नोंदवहीत मात्र त्याला जागा नव्हती. ती जागा कशी व केव्हा निर्माण झाली आणि निर्माण झाल्यावरही ती रिकामी का राहते, याचा शोध प्रस्तुत निबंधात वाशीम परिसराच्या अनुषंगाने घेतला आहे.

रकाना कोणी ठरवला?

राज्यसंस्था जे हवे ते बारकाईने लिहून ठेवते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म; येथे १९३९ मध्ये मिळालेल्या वाकाटक नृपती विंध्यशक्ती द्वितीय याच्या ताम्रपटात दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे गोत्रांसह कोरलेली आहेत. जमीन कोणाला दिली हे राज्याला ठाऊक असणे आवश्यक होते. प्रजेपैकी कोण कशाने मेले याची चौकशी करण्याची गरज राज्याला वाटली ती फार उशिरा, आणि तीही आधी सैन्याच्या निमित्ताने.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रदेशात पुढे बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. हिंदुस्थानातील इंग्रजी सैन्याच्या आरोग्यस्थितीविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सैनिक रणांगणापेक्षा छावणीतील रोगांनीच अधिक मरतात हे त्यातून स्पष्ट झाले. त्यानंतर प्रांतोप्रांती आरोग्य आयुक्तांची व्यवस्था उभी राहिली आणि जन्म-मृत्यूचे वार्षिक तक्ते तयार होऊ लागले. या तक्त्यांतील कारणांची वर्गवारी अगदी मोजकी होती : पटकी, देवी, ताप, अतिसार व हगवण, श्वसनाचे रोग, अपघात व इजा, नंतरच्या काळात प्लेग आणि शेवटी ‘इतर सर्व कारणे’. साथीचा रोग छावणीपर्यंत किंवा बाजारपेठेपर्यंत पोहोचण्याआधी कळावा, हा या वर्गवारीचा हेतू होता. जो रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही त्याच्याविषयी या यंत्रणेला कुतूहल नव्हते. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेला माणूस ‘इतर’मध्ये जाई, अंगावर सूज व धाप असेल तर श्वसनाच्या रोगात, आणि शेवटी ताप आला असेल तर तापात.

ताप हा तर वऱ्हाडच्या नोंदवहीतील सर्वांत सोयीचा शब्द. गावपातळीवरील खबर पाटील-कोतवालांच्या तोंडून येई. त्यांना रोगनिदान येत नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड पोळून निघाले. बाशीम जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ३ लाख ९८ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे ३ लाख ५३ हजारांवर आली. दर नऊ माणसांमागे एक माणूस कमी झाले. परंतु उपासमारीने खंगलेला माणूस अखेरीस ताप, पटकी किंवा हगवण यांपैकी कशाने तरी मरतो, आणि तेच नोंदवले जाते. भूक हे मूळ कारण तक्त्याबाहेर राहते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील अत्यंत होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक होता. तेव्हाही बहुसंख्य मृत्यू तापाच्या रकान्यात पडले; साथीचे बळी किती, हे नंतर नेहमीच्या वर्षांतील तापाच्या मृत्यूंशी तुलना करून अंदाजाने काढावे लागले. शेवटचे लक्षण लिहिले गेले आणि मूळ कारण हरवले. पुढे मूत्रपिंडविकारांच्या बाबतीत जे घडते त्याचा पाया असा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच घातला गेला होता.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशातील जन्म-मृत्यूच्या आकडेवारीच्या अविश्वसनीयतेकडे लक्ष वेधले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम मात्र १९६९ मध्ये आला आणि पुढच्या वर्षापासून अमलात येऊ लागला. तोपर्यंत नोंदणीचा आधार म्हणजे प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे नियम व पोलीस पाटलाची वही.

पूर्णा आणि पैनगंगा : एका जिल्ह्याची सरासरी

रोगाची नोंद जशी शब्दावर अवलंबून असते तशीच ती सीमेवरही असते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या प्रशासनाखाली गेले आणि १९०५ च्या पुनर्रचनेत बाशीम जिल्हा रद्द झाला. बाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे ९३ वर्षे वाशीमचे मृत्यू अकोल्याच्या आकड्यांत मिसळलेले आहेत.

ही केवळ प्रशासकीय बाब नाही. वऱ्हाडचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन स्वभावतः भिन्न भाग आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या पट्ट्यात भूजल खारे आहे. अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. एके काळी तेथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई आणि म्हणून महसुली कागदपत्रांत या विहिरींचा उल्लेख येतो. त्याच विहिरींचे पाणी पिणाऱ्यांच्या प्रकृतीचा उल्लेख त्या कागदांत शोधणे व्यर्थ आहे. याउलट वाशीमचा बहुतांश प्रदेश अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी, बेसाल्टाचा. पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा या नद्यांचा. पाण्याचा प्रश्न येथे आहे, पण तो मुख्यतः टंचाईचा आहे.

अलीकडच्या दशकांत संग्रामपूर, जळगाव जामोद या बुलडाण्याच्या तालुक्यांतून आणि अकोल्यातील खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या सातत्याने येत राहिल्या आहेत. खारे पाणी हेच कारण, असे गावोगावी गृहीत धरले जाते. ते कारण असू शकते. परंतु आंध्रातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांची वस्ती या तिन्ही ठिकाणी शेतकरी-मजुरांमध्ये पसरलेल्या मूत्रपिंडविकाराचे एकच निर्विवाद कारण अद्याप हाती लागलेले नाही. उन्हातील कष्ट व शरीरातील पाणी कमी होणे, कीटकनाशके, पाण्यातील घटक, वेदनाशामक गोळ्या असे अनेक संशयित आहेत. त्यांतून निवड करण्यासाठी मुळात कोणत्या गावात किती मृत्यू झाले, आणि ते पूर्वीही होत होते की आता वाढले, हे कळावे लागते. पायनघाट व बालाघाट यांची तुलना हा त्यासाठी निसर्गानेच मांडून ठेवलेला प्रयोग ठरला असता. जिल्हा हेच आकडेवारीचे एकक राहिल्यामुळे आणि तो जिल्हा दोन्ही प्रदेश मिळून बनलेला असल्यामुळे विसाव्या शतकापुरती ती संधी हातची गेली. म्हणूनच गावनिहाय जुन्या वह्यांचे मोल केवळ जातपडताळणीपुरते मानणे योग्य नाही.

ब्राइटच्या रोगापासून ‘एन १८’ पर्यंत

युरोपातही मूत्रपिंडाला नोंदवहीत जागा मिळण्यास वेळ लागला. लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने १८२७ मध्ये सर्वांगसूज, लघवीतील प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसणारी विकृत मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवला. त्यापूर्वी ही सूज म्हणजे जलोदरासारखा स्वतंत्र रोगच मानला जाई. लक्षणाच्या जागी अवयव आला, हे ब्राइटचे ऐतिहासिक कार्य होय. पुढे शतकभर ‘ब्राइटचा रोग’ हेच नाव प्रचलित होते. १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे झाक बर्तियाँ याने मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण मांडले, आणि त्यात मूत्रजनन संस्थेच्या रोगांना स्वतंत्र गट मिळाला. ज्या दशकात पॅरिसच्या मृताला मूत्रपिंडाचा क्रमांक मिळत होता, त्याच दशकात बाशीमचा मृत ‘ताप’ या शब्दाखाली नोंदला जात होता.

१९४८ मध्ये हे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. त्याच सहाव्या आवृत्तीबरोबर मृत्यूच्या ‘मूलभूत कारणा’ची संकल्पना आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा आंतरराष्ट्रीय नमुना रूढ झाला. नवव्या आवृत्तीत जुनाट मूत्रपिंड निकामी होण्यासाठी ५८५ हा एकच संकेतांक होता. १९९० मध्ये संमत होऊन १९९४ पासून वापरात आलेल्या दहाव्या आवृत्तीत तीव्र विकारासाठी ‘एन १७’, जुनाट विकारासाठी ‘एन १८’ आणि कोणताच खुलासा नसलेल्या विकारासाठी ‘एन १९’ अशी विभागणी झाली.

खरा बदल मात्र संकेतांकात नव्हे, व्याख्येत झाला. २००२ मध्ये अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनने जुनाट मूत्रपिंडविकाराची व्याख्या निश्चित केली : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला बिघाड, आणि मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेनुसार पाच टप्पे. गाळणक्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेली की तिसरा टप्पा, १५ च्या खाली गेली की पाचवा. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग केले आणि लघवीतील प्रथिनाचे प्रमाणही विचारात घेतले. संकेतांक या व्याख्येमागून धावत आले : अमेरिकेच्या आवृत्तीत २००५ मध्ये ५८५ चे टप्पे पडले, आणि २०२० मध्ये तिसऱ्या टप्प्याचे दोन स्वतंत्र संकेतांक झाले. २०१९ मध्ये संमत झालेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली अकरावी आवृत्ती जुनाट मूत्रपिंडविकाराला ‘जीबी ६१’ या संकेतांकाने ओळखते.

‘तीन महिन्यांहून अधिक’ ही अट कागदावर सोपी वाटते. तिची पूर्तता करण्यासाठी रुग्णाचा तीन महिन्यांपूर्वीचा अहवाल उपलब्ध असावा लागतो. वर्गीकरण जसजसे सूक्ष्म झाले तसतसे ते रुग्णाच्या जुन्या कागदांवर अधिकाधिक विसंबू लागले. रिसोडहून अकोल्याला आणि अकोल्याहून नागपूरला जाणारा रुग्ण आपले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन फिरतो; त्यांतील एक कागद हरवला तरी जुनाट विकार कागदोपत्री ‘खुलासा नसलेला’ होतो.

प्रमाणपत्राच्या तीन ओळी

१९६९ च्या अधिनियमाखालील मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ मध्ये आणि अन्य ठिकाणच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ मध्ये दिले जाते. त्याच्या पहिल्या भागात वरच्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण आणि सर्वांत खाली मूळ रोग लिहावयाचा असतो. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे अन्य विकार. हृदयक्रिया किंवा श्वसन बंद पडणे ही मृत्यूची रीत आहे, कारण नव्हे. ती लिहू नये अशी सूचना नमुन्यातच दिलेली असते. तरीही ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ हे वाक्य प्रमाणपत्रांवर सर्रास दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाचा ‘ताप’ आणि आजचे हे वाक्य यांत फारसे अंतर नाही, फक्त लिहिणारा बदलला आहे.

उदाहरण म्हणून पुढील स्थिती कल्पिता येईल. बारा वर्षे मधुमेह असलेला, दोन वर्षे डायलिसिसवर असलेला शेतकरी रक्तातील पोटॅशियम वाढून मरण पावला. डॉक्टरने केवळ ‘हृदयक्रिया बंद’ लिहिले तर तो हृदयरोगाच्या आसपास कोठे तरी मोजला जाईल. ‘किडनी फेल’ एवढेच लिहिले तर ‘एन १९’. ‘जुनाट मूत्रपिंडविकार, टप्पा ५’ लिहिले तर ‘एन १८’. आणि सर्व साखळी योग्य लिहिली, म्हणजे वर पोटॅशियम, मध्ये मूत्रपिंड, खाली टाइप २ मधुमेह, तर मूलभूत कारण ‘ई ११.२’ म्हणजे मूत्रपिंडाच्या गुंतागुंतीसह मधुमेह असे निश्चित होईल. त्याचप्रमाणे मूळ रोग उच्च रक्तदाब असेल तर तो मृत्यू ‘आय १२’ या संकेतांकाने रक्ताभिसरणाच्या प्रकरणात जाईल.

येथे एक विसंगती आहे, आणि ती वैद्यकाबाहेरच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रमाणपत्र जितके अचूक, तितका मूत्रपिंडविकार एककारणी तक्त्यातून अदृश्य होत जातो, कारण तो मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रकान्यात स्थिरावतो. ‘एन’ प्रकरणात उरतात ते मुख्यतः असे मृत्यू की ज्यांचा मूळ रोग ठाऊक नव्हता, शोधला गेला नाही किंवा लिहिला गेला नाही. एखाद्या जिल्ह्यात ‘एन १८’ चा आकडा वाढला, तर रोग वाढला, निदान वाढले की लेखन बिघडले, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे प्रमाणपत्रावरील सर्व कारणे संकेतांकित करून जतन करणे. खारपाणपट्ट्यातील अज्ञात कारणाच्या रुग्णांच्या बाबतीत तर हे अपरिहार्य आहे. ‘मधुमेह नाही, रक्तदाब नव्हता’ ही नकारात्मक माहितीही तेथे पुराव्याइतकीच मोलाची ठरते.

उपचारयोजनांच्या कागदपत्रांनी ही उणीव भरून निघेल असे वाटू शकते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर विस्तारली. १ एप्रिल २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. या योजनांमुळे डायलिसिस जिल्ह्याच्या आवाक्यात आले, हे निःसंशय. परंतु योजनेचा संकेतांक उपचाराचा असतो, रोगाच्या उगमाचा नव्हे. किती फेऱ्या झाल्या हे देयकावरून कळते. जो डायलिसिसपर्यंत पोहोचलाच नाही त्याचा त्यात मागमूस नसतो.

घरी झालेला मृत्यू

आणि असे मृत्यू पुष्कळ आहेत. २०२० मध्ये देशात सुमारे ८१.२ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १८.१ लाख, म्हणजे सुमारे २२ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्या सुमारे ६३ लाख माणसांचा मृत्यू शासनदरबारी नोंदला गेला, परंतु डॉक्टरच्या सहीने त्याचे कारण लिहिले गेले नाही.

या पोकळीवर दोन प्रयत्न झाले. १९६५ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत नमुना नोंदणी योजना सुरू झाली. १९८२ मध्ये तिला ‘मृत्यूच्या कारणांचे ग्रामीण सर्वेक्षण’ असे नाव मिळाले. आरोग्य कर्मचारी घरच्यांकडून लक्षणे विचारून कारण ठरवीत. १९९९ मध्ये ही योजना नमुना नोंदणी पद्धतीत विलीन झाली. त्यानंतर मृताच्या कुटुंबीयांची मुलाखत घेऊन दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दहाव्या आवृत्तीनुसार कारण ठरवण्याची रीत आली. दहा लाख मृत्यूंच्या या अभ्यासातील मूत्रपिंडविषयक निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झाले. १५ ते ६९ या वयोगटातील मृत्यूंत मूत्रपिंड निकामी होण्याचा वाटा २००१-०३ मध्ये २.१ टक्के होता, तो २०१०-१३ मध्ये २.९ टक्के झाला. २०१५ साठी या वयोगटातील असे मृत्यू १ लाख ३६ हजार इतके अनुमानिले गेले. हे देशाचे चित्र आहे. नमुना सर्वेक्षणाचा आवाका पाहता वाशीमसारख्या एका जिल्ह्याविषयी त्यातून काही सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा गावच्या नोंदवहीकडेच यावे लागते.

गावी ही नोंदवही ग्रामपंचायतीत असते. घरचा माणूस खबर देतो, आणि ‘अंगावर सूज होती, लघवी बंद झाली होती, जेवण जात नव्हते’ हे सर्व सांगतो. ब्राइटने जी लक्षणे जोडून पाहिली त्यांतील निम्मी या सांगण्यात असतात. नोंदीत मात्र बहुधा ‘आजारपण’ किंवा ‘वृद्धापकाळ’ उतरते, कारण नातलगांना हवा असतो तो मृत्यूचा दाखला, वारसनोंदीसाठी व बँकेसाठी. आणि त्या दाखल्यावर कारण छापलेले नसते. नोंद करणारा व करवणारा या दोघांनाही ज्या माहितीची गरज नाही ती माहिती अचूक लिहिली जाईल अशी अपेक्षा केवळ परिपत्रकाच्या आधारे ठेवता येत नाही.

२०२३ च्या दुरुस्ती अधिनियमाने, जो १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आला, वैद्यकीय संस्थांवर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क निबंधकाकडे देण्याचे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातलगास देण्याचे बंधन घातले. या दुसऱ्या तरतुदीकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. मृत्यूचे कारण लिहिलेला कागद कायद्यानेच कुटुंबाच्या हाती पडू लागला आहे. वडिलांच्या कागदावर ‘मधुमेहजन्य मूत्रपिंडविकार’ असे लिहिलेले असेल तर मुलाने आपल्या रक्तातील साखर व क्रिएटिनिन तपासून घेण्यास तेवढे निमित्त पुरेसे आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत वाशीमचाही समावेश होता. तेथे शिकणारे विद्यार्थी उद्या रिसोड-मानोऱ्याच्या आरोग्य केंद्रांत नमुना ४-अ भरणार आहेत, आणि सर्वांत खालच्या ओळीत ते काय लिहितात यावर वाशीमचा ९३ वर्षे अकोल्याच्या बेरजेत राहिलेला आकडा प्रथमच स्वतंत्रपणे वाचता येईल की नाही, हे ठरणार आहे.